सहा नंबरची दोन पावलं

महादुला, कोराडी
२ मार्च २०२५

अश्विन,

मिनल परवा प्रताप नगरहून आली होती. म्हणाली, "बाबा, तुम्ही दादाशी बोलले का भांडण होते. त्यापेक्षा लिहा. मी पोचवीन." म्हणून लिहितो आहे. सत्तावीस वर्षं बॉयलरवर शिफ्टचा रिपोर्ट लिहिला, त्यामुळे कागद समोर आला की तीच भाषा येते. काय चालू, काय बंद, किती वाजता. सांभाळून घे.

घरी ठीक आहे. तुझ्या आईच्या साड्या मिनल घेऊन गेली. चष्मा राहिला आहे.

फुटबॉल समितीनं चौकशी होईपर्यंत तुला मैदानावर यायला बंदी केली आणि बल्लारपूरच्या तुझ्या शाळेनंही खेळाचा तास दुसऱ्याला दिला, असं मिनलकडून कळलं. तू माझी खेळाची वही चोरून वाचलीस, ही तक्रार कोणी केली ते मला नक्की सांगता येणार नाही. आपल्या क्लबातली पोट्टी त्या दिवशी फार चिडली होती. फायनल हरल्यावर माणूस काहीही बोलतो. मीही बोललो असेन. सुनावणी एकवीस तारखेला आहे. मलाही बोलावलं आहे.

लिहायचं कारण वेगळं आहे. जावयानं फायनलचा व्हिडिओ टीव्हीवर लावून दिला. मी रोज बघतो. सकाळी चहा झाला की पडद्यावर बसलेली वीज केंद्राची राख पुसतो आणि लावतो. वाईट वाटेल म्हणून पहिल्या दिवशी जरा सावरून बसलो होतो. वाटलं नाही. सध्या काहीच वाटत नाही. तुझ्या आईच्या तेरवीच्या दिवशीही वाटलं नव्हतं. लोक आले, जेवले, हात धुतले, गेले. तू मागच्या अंगणात पातेली घासत होतास, मी पुढच्या खोलीत पंख्याकडे बघत होतो. तेरा दिवस एका घरात राहून आपण "पाणी आलं का" आणि "आलं" एवढंच बोललो.

तर सामना. फायनलपर्यंतच्या सहा सामन्यांत आमचे एकोणीस गोल होते. फायनलमध्ये तू शिकवलेल्या संघावर एकही झाला नाही. याला मी त्या दिवशी नशीब म्हणालो. आता बारा वेळा बघून म्हणतो, निम्मं नशीब.

ताराचंद भोयर


८ मार्च २०२५

अश्विन,

पहिला हाफ मला आता पाठ झाला आहे. तू काय केलंस ते मी सांगतो, चूक असेल तर मिनलजवळ सांग.

आमच्याशी खेळणारा प्रत्येक संघ पिंटूला घाबरतो. उजव्या बाजूनं तो सुटला की दोघं-दोघं त्याच्या अंगावर जातात. मग मधली जागा रिकामी होते आणि आमचे बाकीचे तिथून घुसतात. एकोणीसपैकी अकरा गोल असेच झाले. तू पिंटूवर कोणालाच पाठवलं नाहीस. तुझा तीन नंबर त्याच्यापासून दहा पावलं मागे सरकत राहिला, पायात पाय घातला नाही, फक्त आतली वाट बंद ठेवली. पिंटू पळत पळत पार कॉर्नरच्या झेंड्यापर्यंत गेला. तिथून बॉल उचलून टाकायचा, तर गोलसमोर तुझे बचावातले दोन उंच स्टॉपर आधीच उभे. पिंटूनं एकतीस क्रॉस टाकले. आमच्या डोक्याला दोन लागले. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं, पिंटू आज काय खेळून राहिला! मलाही बाकावर बसून तेच वाटत होतं. पोट्ट्याला तू दिवसभर पळू दिलंस आणि एकही दार उघडलं नाहीस.

पण खरी गोष्ट पिंटूची नाहीच. पिंटूला बॉल देतो कोण? मधला ऋषिकेश. तो कधी पळत नाही, घाम गाळत नाही, म्हणून कोणाच्या डोळ्यात येत नाही. आपल्या कॉलनीतसुद्धा त्याला आळशी म्हणतात. तुझा नऊ नंबर, ज्याचं काम गोल मारायचं, तो अख्खा पहिला हाफ ऋषिकेशच्या पुढ्यात उभा राहिला. बॉल हिसकायला गेला नाही. नुसता उभा. मग आमच्या अमोलकडे बॉल यायचा आणि द्यायला कोणी दिसायचं नाही. अमोल स्टॉपर आहे, बैलासारखा ताकदीचा. विचार करायला वेळ दिला की घाबरतो आणि लांब मारतो. तू त्याला पंचेचाळीस मिनिटं विचार करायला वेळ दिलास.

ही गोष्ट मला आवडली. मी चाळीस वर्षं समजत आलो की अडवणं म्हणजे दुसऱ्याच्या पायातून बॉल काढणं. तू ज्याला बॉल नकोसा होतो, त्याच्याच पायात तो ठेवलास.

लिहितो आहे तर एक जुनी गोष्टही लिहितो. नऊ वर्षांपूर्वीची सेमीफायनल. तू बावीस वर्षांचा, आपल्याच संघाचा स्टॉपर. एका गोलनं आपण पुढे होतो. मी ओरडलो, "वर जाय! दुसरा मार!" तू गेला नाहीस. तीनदा ओरडलो, तू जागचा हलला नाहीस. आपण जिंकलो. तरी फायनलला मी तुला बाहेर बसवलं, आणि सगळ्यांसमोर विचारलंस तेव्हा म्हणालो, "भिंतीले कोणी हार घालत नाही."

त्यानंतर तू बल्लारपूरला गेलास. मला ते वाक्य तेव्हा फार छान सुचलं असं वाटलं होतं. दोन-तीन ठिकाणी मी ते पुन्हा वापरलं.

बाबा


१३ मार्च २०२५

अश्विन,

आज होळी. कॉलनीतली पोट्टी लाकडं मागायला आली होती, मी जुना स्टूल दिला.

काल मिनल ऑफिसमधून सरळ इकडे आली. चप्पल काढायच्या आधी म्हणाली, "दादानं चिठ्ठी वाचली. एवढंच म्हणाला, बाबाले सांग, नऊ नंबरकडे नका पाहू. सहा नंबरकडे पाहा."

"अजून काय म्हणाला?"

"काही नाही. भाजी चिरत होता. चिरत राहिला."

तू नऊ वर्षांत मला पाठवलेला हा पहिला निरोप. मी चहा ठेवला तो उतू गेला.

तुझा सहा नंबर लुकडा पोरगा आहे, बचावाच्या पुढे उभा राहतो. पहिल्या हाफमध्ये मी त्याला बघितलाच नव्हता, कारण बघण्यासारखं तो काही करत नाही. काल रात्रीच्या जेवणाआधी आणि आज सकाळी मी फक्त त्यालाच बघितलं. टीव्हीजवळ खुर्ची ओढून, बोट काचेवर धरून.

पहिल्या हाफमध्ये तो एक काम करतो. अमोलनं बॉल लांब मारला की बॉल कुठे पडणार ते न बघता, पडून जिथे उसळणार तिथे जाऊन उभा राहतो. ते ठीक. तेही शिकवण्याचंच काम आहे. पण तू मला त्याच्यासाठी पाठवलं नव्हतंस.

हाफ टाइम. शून्य-शून्य. मी चिडलो होतो. पोरांना आधी काहीच सांगितलं नाही, नुसता रागावलो. पाणी पिऊन सगळे परत मैदानात निघाले, तेव्हा रेषेवर मला सुचलं. मी पिंटूचा दंड धरला आणि म्हणालो, "तू डावीकडून खेळ. ऋषिकेशले पुढे पाठव." पिंटू म्हणाला, "सर, डावीकडून तं आपण कधीच नाही खेळलो." मी म्हणालो, "म्हणूनच जाय."

आता व्हिडिओ. तुमचा संघ आधीच बाहेर येऊन उभा आहे. शिटी वाजायची आहे. पिंटू अजून उजवीकडून मैदान ओलांडतो आहे, अर्ध्यावरही पोचला नाही. आणि तुझा सहा नंबर आमच्या डाव्या बाजूला दोन पावलं सरकून उभा आहे. पहिल्या हाफच्या सुरुवातीला तो मधोमध होता. मी दोन्ही वेळा पडदा थांबवून बघितलं. दोन पावलं. पिंटू तिथे पोचायच्या आधी.

मी बाकाकडे बघितलं. तू मुंडण केलेल्या डोक्यावर टोपी घालून बसला आहेस, खाली जमिनीकडे बघतो आहेस. हात हलवत नाहीस, ओरडत नाहीस. म्हणजे तू त्यांना आतच सांगून ठेवलं होतंस. मी रेषेवर ठरवलं, तू त्याच्या आधी ठरवलं होतंस की मी काय ठरवणार.

मी मिनलला फोन केला. विचारलं, "मी चिडलो का काय करतो वं?"

ती हसली. आई गेल्यापासून पहिल्यांदा हसली. "बाबा, तुम्ही चिडले का डावीकडचं उजवीकडे करता. घरातलं कपाटसुद्धा. आई म्हणायची, चला, आज कपाट सरकते. तुम्हाले माहीत नाही काय?"

मला माहीत नव्हतं. बासष्ट वर्षांचा झालो.

त्यानंतर पिंटू डावीकडे अडकला, त्याचा तो पाय नाही. ऋषिकेश पुढे जाऊन पाठमोरा उभा राहिला, मधे बॉल द्यायला कोणी उरलं नाही. माझा संघ मीच मोडला आणि तू फक्त त्या जागेवर माणूस उभा ठेवला होतास. चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला कॉर्नरवर तुम्ही गोल केला. तुमचा सगळा बाक उड्या मारतो आहे. तू बसूनच आहेस.

हे कोणत्याही वहीत लिहिलेलं नव्हतं. माझ्या वहीत पिंटू डावीकडे कुठेच नाही. म्हणजे तू वही वाचून हा खेळ लावलास, असं जे कोणी म्हटलं, ते खोटं आहे.

जे कोणी नाही. मी म्हटलं. तक्रार मी केली. दहा फेब्रुवारीला, माझ्या अक्षरात, खाली सही करून. पहिल्या पत्रात पोट्ट्यांचं नाव घेतलं, ते घ्यायला नको होतं. पोट्टी काही बोलली नव्हती. मैदानावर सगळ्यांसमोर, "मायच्या तेरवीत बसून त्यानं माही वही वाचली," असं ओरडलो तो मीच होतो. तू ऐकलंस. तू टोपी सरळ केलीस आणि गाडीत जाऊन बसलास.

बाबा


१६ मार्च २०२५

अश्विन,

मागच्या पत्रात मी अर्धंच लिहिलं. मिनल ते घेऊन गेली आणि मला झोप आली नाही, असं लिहिणार होतो. पण झोप आली. नीट आली. तेच सांगायचं आहे, की मला काही टोचत नाही, मी फक्त बसून हिशेब लावल्यासारखं एकेक लिहितो आहे.

वहीचं असं आहे. फायनल हरून घरी आलो तर हिरवी वही टीव्हीच्या टेबलावर नव्हती. पुढच्या खोलीत तूच झोपायचास. म्हटलं, वाचली आणि नेली पण. त्याच रागात दुसऱ्या दिवशी तक्रार देऊन आलो. अकरा तारखेला सकाळी पिंटू दारात आला. वही हातात. "सर, हे बॉलच्या पोत्यात होती. काकूंले दवाखान्यात नेलं त्या दिवशी तुम्हीच टाकली असन."

म्हणजे तू घरात पाऊल ठेवायच्या दहा दिवस आधीपासून वही घरात नव्हती. क्लबच्या खोलीत कुलपात होती.

मी पिंटूला म्हणालो, "बरं, ठेव." तो गेला. समितीची कचेरी बसनं पाऊण तासावर आहे. मी त्या दिवशी जाऊन तक्रार परत घेऊ शकलो असतो. गेलो नाही. बाराला गेलो नाही, तेराला गेलो नाही. शाळेनं तुझा खेळाचा तास काढल्याचं मिनलनं सांगितलं त्या दिवशीही गेलो नाही. वही मी तांदळाच्या डब्यामागे ठेवली.

काहून, ते मी विचार करून बघितलं. तू वही चोरली असशील, तर मी फसवला गेलो. वही चोरली नसशील, तर ज्या पोराला मी भिंत म्हटलं, त्याला माझ्यापेक्षा जास्त खेळ समजतो. पहिलं मला सोपं गेलं.

दुसरं. तुझ्या आईला पंधरा जानेवारीला दवाखान्यात नेलं. तिनं त्याच संध्याकाळी म्हटलं, "अश्विनले कळवा." मी म्हटलं, एकोणीसला माझी सेमीफायनल आहे, त्याचीही आहे, ती होऊ दे. एकोणीस तारीख झाली. आम्ही जिंकलो, तुम्हीही जिंकलात. वीसला ती पुन्हा म्हणाली. मी हो म्हटलं. समोरच्या बाकावर तू असणार, फायनलआधी तुझ्यासमोर डोळ्यात पाणी घेऊन उभं राहायचं नव्हतं मला. चोवीसला मिनलनं मला न विचारता तुला फोन केला. तू पोचलास तेव्हा ती बोलत नव्हती. तू तिच्या पायाशी उभा राहून मला विचारलंस, "कधीपासून?" मी म्हणालो, "कालपासून."

काल नाही. दहा दिवस.

हे मिनलला माहीत आहे. तिनं तुला सांगितलं नसेल तर तिच्यावर रागावू नकोस, मी तिला शपथ घातली होती.

आता माझ्याजवळ लपवलेलं काही नाही. शुक्रवारी सुनावणीला जातो आहे. वही सोबत नेतो.

बाबा


२३ मार्च २०२५

अश्विन,

तुला त्यांनी चार वाजता बोलावलं, मला अडीचला. त्यामुळे आत काय झालं ते तुला अर्धवटच कळलं असेल. लिहितो.

टेबलामागे तिघं होते. मधे रुपरावजी, पांढऱ्या मिशांचे, माझ्याबरोबर खेळलेले. त्यांनी माझा कागद वाचून दाखवला. माझंच लिहिलेलं ऐकताना दुसऱ्या कोणाचं वाटलं. मी वही टेबलावर ठेवली आणि पिंटूला आत बोलावलं. त्यानं पोत्याचं सांगितलं. मग मी सहा नंबरचं सांगितलं. रुपरावजींना ते लवकर कळेना, तेव्हा टेबलावरचे पाण्याचे ग्लास मांडून दाखवले. हा पिंटू, हा अमोल, हा अश्विनचा सहा नंबर. त्यांनी ग्लास स्वतः दोनदा सरकवून बघितला. मग म्हणाले, "ताराचंद, हे तं लय भारी आहे गा."

मी म्हणालो, "आहे."

"मंग तक्रार मागे घेऊन राहिला ना तू? तसं लिहितो. बाप-लेकातली गोष्ट आहे, गैरसमज झाला म्हणून संपवून टाकू."

"मागे नाही घेत. खोटी होती, असं लिहा."

"अरे, तसं लिहिलं तं तुह्यावर कारवाई करा लागते."

"लिहा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. बाकीचे दोघं खिडकीकडे बघत होते. रुपरावजींनी विचारलं, "तेव्हा काहून केली मग?" मी सांगितलं, "हरलो होतो."

तुझ्यावरची बंदी त्याच वेळी उठली. शाळेला समितीचं पत्र सोमवारी जाईल, रुपरावजी स्वतः पाठवणार आहेत. मला दोन वर्षं कुठल्याही संघाला शिकवता येणार नाही. बरोबर आहे.

चार वाजता तू जिना चढलास तेव्हा मी समोरच्या रसवंतीत बसलो होतो. तू वाळला आहेस. डोक्यावर केस येऊ लागले आहेत. हाक मारली नाही. पत्रं वाचून तू काय ठरवलं असशील ते तुझं आहे, रस्त्यात धरून मला ते मागायचं नव्हतं.

आज सकाळी शेवटचं म्हणून मैदानावर गेलो. पोट्ट्यांना रांगेत बसवलं आणि झालं ते सगळं सांगितलं, वहीसकट. कोणी माझ्याकडे बघेना. अमोल गवत उपटत बसला. मग मी विटा आणून मांडल्या आणि तुझा खेळ त्यांना शिकवला. पहिला हाफ, दुसरा हाफ, तीन नंबर का मागे सरकला, नऊ नंबर का नुसता उभा राहिला. अमोलला म्हटलं, "बॉल तुह्या पायात काहून ठेवला, समजलं काय?" तो म्हणाला, "समजलं सर. मले वाटलं होतं का मी त्या दिवशी लय खेळलो." सगळे हसले. तासभर मी बोललो. कोणाचाही खेळ मी आजवर असा तासभर उभा राहून सांगितलेला नाही, आपला नाही, परक्याचा नाही. हे तुझ्यासमोर करायला हवं होतं, नऊ वर्षांपूर्वी, त्या सेमीफायनलनंतर. तेव्हाही तू बरोबर उभा होतास. एक गोल पुढे असताना स्टॉपरनं वर जायचं नसतं. मला तेव्हाही ते माहीत होतं.

बोलता बोलता ऋषिकेशनं विचारलं, "पण सर, हा खेळ तोडाचा कसा?"

मी विटांकडे बघत राहिलो. पिंटूला मधे आणला, अमोलला वर नेला, परत ठेवला. पोट्टी वाट बघत होती. घरी येईपर्यंत मी ठीक होतो. आता हे लिहिताना अक्षर बिघडलं आहे, माफ कर.

मी त्यांना म्हणालो, "मले नाही येत. माह्या पोराले येते."

पुढच्या रविवारी सगळे मिळून बल्लारपूरला यायचं म्हणतात, तुला विचारायला. मी येणार नाही. त्यांना काय सांगायचं ते तू ठरव. पिंटू मात्र उन्हात फार पळून आला तर त्याला आधी बसव, त्याला चक्कर येते.

तुझा बाप
ताराचंद